थापाड्याचा किल्ला

तुमचा एखादा सिनिअर किंवा मामेभाऊ एमएस करायला कॅलिफोर्नियात गेला असेल, तर मार्चच्या सुट्टीतले त्याचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिलेच असतील. पाच-सहा जणांनी कॉन्ट्री काढून भाड्यानं घेतलेली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर. आत बेड, शेगडी, फ्रिज, छोटंसं बाथरूम. शेगडीवर मॅगी नाहीतर पोहे. आणि खिडकीबाहेर मैलोन् मैल काहीच नाही. झाड नाही, टपरी नाही, माणूस नाही. फोटो बघून आपल्याला प्रश्न पडतो, की एवढे पैसे खर्चून ही पोरं तिकडं नक्की बघतात तरी काय?

तर बघायला बरंच आहे, फक्त ते सगळं जरा वेडं आहे. लास वेगासहून हायवे ९५ धरून वायव्येला निघालात की साधारण १८५ किलोमीटरवर बीटी नावाचं गाव लागतं. त्याच्या शेजारी ऱ्हायोलाइट. १९०५ च्या सुमाराला इथं सोनं सापडलं, बघता बघता शहर उभं राहिलं, तीन मजली बँक झाली, रेल्वे स्टेशन झालं आणि काही वर्षांत सगळं ओस पडलं. तिथं दारूच्या रिकाम्या बाटल्यांनी बांधलेलं एक घर अजून उभं आहे. लाकूड मिळेना आणि बाटल्यांना तोटा नव्हता, म्हणून. जवळच उघड्या माळावर एका बेल्जियन शिल्पकारानं १९८४ मध्ये पांढरी भुतं उभी करून ठेवलीत. आत माणूस नाही, नुसती अंगावर घेतलेली चादर. येशूच्या शेवटच्या भोजनाचा देखावा आहे तो, पण संध्याकाळी गेलात तर पोटात गोळा येतो. दक्षिणेला डेथ व्हॅली जंक्शनला एक ऑपेरा हाउस आहे. न्यूयॉर्कची एक नर्तकी १९६७ मध्ये तिथं टायर पंक्चर झाला म्हणून थांबली, ती कायमची. प्रेक्षक येईनात, तर तिनं भिंतींवर प्रेक्षक रंगवून घेतले आणि त्यांच्यासमोर नाचत राहिली.

या वेड्यांच्या यादीत सगळ्यांचा बाप मात्र एकच, आणि आजचा लेख त्याच्याबद्दल आहे. डेथ व्हॅलीच्या उत्तर टोकाला, ग्रेपव्हाइन कॅन्यन नावाच्या घळीत, एक स्पॅनिश धाटणीचा भलामोठा वाडा उभा आहे. मनोरा, घड्याळ, कौलं, कारंजं, सगळं काही. नाव स्कॉटीज कॅसल. मजा म्हणजे हा वाडा स्कॉटीनं बांधला नाही, त्याचा पैसा स्कॉटीचा नव्हता आणि त्याखालची जमीनही स्कॉटीची नव्हती. तरी नाव त्याचंच राहिलं. ते कसं, हे समजायचं तर जरा मागं जावं लागेल.

वॉल्टर स्कॉट १८७२ मध्ये केंटकी राज्यातल्या सिंथियाना गावात जन्मला. वडील घोड्यांच्या शर्यतीतले. शाळेत मन रमेना, म्हणून हा कोवळ्या वयात घर सोडून नेवाडात मोठ्या भावाकडं गेला. तिथं पडेल ते काम. सर्व्हे करणाऱ्या पथकाला पाणी पुरवणं, जनावरं हाकणं, असलंच. याच काळात त्याची डेथ व्हॅलीशी ओळख झाली. तुमच्या वयाचा होईपर्यंत तो पक्का घोडेस्वार झाला होता.

त्याचं नशीब उघडलं ते बफेलो बिलच्या तंबूत. हा बफेलो बिल म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा शोमन. काउबॉय, नेटिव्ह अमेरिकन, घोडे, बंदुका असा सगळा लवाजमा घेऊन तो अमेरिकाभर आणि युरोपात खेळ करत हिंडायचा. १८९० च्या सुमाराला स्कॉटी त्याच्याकडं लागला आणि जवळपास १२ वर्षं राहिला. आता हे लक्षात घ्या, की इथं त्याला मिळालं ते घोडेस्वारीचं शिक्षण नव्हतं, ते त्याच्याकडं आधीच होतं. इथं तो हे शिकला, की शहरातल्या माणसाला खरा पश्चिम नको असतो. त्याला धुरळा, गोळीबार आणि रुबाबदार टोपी हवी असते. हा धडा त्याला जन्मभर पुरला.

१९०२ मध्ये त्याचं आणि बफेलो बिलचं बिनसलं. नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वीच न्यूयॉर्कमध्ये लग्न झालेलं. बायकोचं नाव जोसेफिन, सगळे तिला जॅक म्हणत. हाताशी पैसा नाही. होते ते कोलोरॅडोतल्या एका खाणीत आठवण म्हणून बायकोला मिळालेले सोन्याचे दोन खडे. ते खडे घेऊन हा पठ्ठ्या न्यूयॉर्कच्या ज्युलियन जेरार्ड नावाच्या बँकवाल्याकडं गेला आणि सांगितलं, की डेथ व्हॅलीत माझी खाण आहे, भांडवल द्या, वाटा घ्या. जेरार्डनं पैसे दिले. मग आणखी दिले. वर्षभर गेलं, दोन गेली. सोनं काही येईना, पत्रं मात्र येत राहिली. कधी खेचरं मेली, कधी पाणी आटलं, कधी आणखी काही.

आपल्याकडं याला शेंडी लावणं म्हणतात. पण स्कॉटी नुसता शेंडी लावणारा असता, तर शे-दोनशे डॉलर खिशात घालून गायब झाला असता आणि आज त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. त्याला पैशापेक्षा बातमीची भूक जास्त होती. एकदा रेल्वेनं पूर्वेकडं जाताना त्यानं बोंब ठोकली, की माझी बॅग चोरीला गेली, आत १२ हजार डॉलरची सोन्याची भुकटी होती. चोर सापडला नाही, भुकटी सापडली नाही, पण पेपरात नाव आलं. पत्रकारांना तर हवाच होता असा माणूस. वाळवंटातून येतो, ठेवणीतल्या किश्श्यांनी खोली हसवतो, मोठ्या नोटा उधळतो. या माणसाची खाण खोटी असेल, असं म्हणण्यात कुणाला गंमत वाटणार? तुमच्या फीडमध्ये रोज कुणी ना कुणी भाड्याच्या गाडीला टेकून श्रीमंतीचे धडे देतोच ना. स्कॉटी त्याच जातकुळीतला, फक्त सव्वाशे वर्षं आधीचा.

त्याचा कळस झाला ९ जुलै १९०५ ला. स्कॉटी लॉस एंजेलिसमध्ये सांता फे रेल्वेच्या ऑफिसात गेला आणि शिकागोपर्यंत स्वतःसाठी आख्खी गाडी बुक केली. साडेपाच हजार डॉलर रोख. अट एकच, आजवर कुणी गेलं नाही इतक्या वेगानं न्यायचं. रेल्वेलाही जाहिरात हवीच होती. गाडीचं नाव पडलं कोयोटी स्पेशल. एक सामानाचा डबा, एक जेवणाचा, एक झोपण्याचा. बरोबर बायको आणि पेपरचा माणूस. दर टप्प्यावर ताजं इंजिन, एकूण १९ इंजिनं बदलली. आत जेवणाच्या मेनूवर डेथ व्हॅलीच्या नावानं कॅव्हियारचं सँडविच आणि कोयोटीच्या नावानं दोन इंच जाडीचा स्टेक. बाहेर स्टेशनास्टेशनांवर गर्दी. २,२६५ मैल, म्हणजे सुमारे ३,६४५ किलोमीटर अंतर त्यांनी ४४ तास ५४ मिनिटांत कापलं. ताशी सरासरी ८१ किलोमीटर, तेही वाफेच्या इंजिनावर, डोंगर ओलांडून. हा विक्रम पुढं तीस वर्षं टिकला. आजही आपल्याकडच्या कित्येक मेल-एक्स्प्रेसना हा सरासरी वेग जमत नाही, हे जाता जाता.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या प्रत्येक पेपरात स्कॉटी. आणि पैसा? तो खाणधंद्यातल्या दुसऱ्याच एका माणसानं, स्वतःच्या जाहिरातीसाठी, पुरवलेला होता. स्कॉटीचा त्यात होता तो फक्त चेहरा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. इथून पुढं नाही.

एवढा गाजावाजा झाल्यावर साहजिकच गुंतवणूकदार खाण बघायला मागू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत एक खाण-इंजिनिअर प्रत्यक्ष पाहणीला निघाला. आता दाखवायचं काय? स्कॉटीनं बफेलो बिलच्या तंबूत शिकलेलं डोकं चालवलं. वाटेत विंगेट पास नावाच्या खिंडीत दरोडेखोरांचा खोटा हल्ला घडवून आणायचा. चार गोळ्या हवेत सुटल्या की शहरी साहेब घाबरून परत फिरेल, आणि खाण एवढी मौल्यवान आहे की तिच्यासाठी गोळ्या सुटतात, अशी बातमीही होईल. हल्ला करायला माणसं ठेवलेली, बरोबरच्या काफिल्यात स्वतःचा भाऊ वॉर्नर. गोळ्या सुटल्या. त्यातली एक वॉर्नरला लागली, मांडीच्या सांध्यापाशी. भाऊ कोसळला तसा स्कॉटी सगळं नाटक विसरून, गोळीबार थांबवा म्हणून ओरडत हल्लेखोरांच्या दिशेनं घोडा फेकत गेला. आणि अर्थातच तेही थांबले. इंजिनिअरला एवढा पुरावा पुरेसा होता.

वॉर्नर वाचला. स्कॉटीला अटक झाली. त्या सुमाराला तो एका नाटकात काम करत होता, त्यात तो स्वतःच वाळवंटातला खाणसम्राट स्कॉटी होता. विचार करा, रंगमंचावर खाणसम्राट आणि खाली उतरला की पोलिस. खटला मात्र टिकला नाही. गोळीबार नक्की कुठल्या काउंटीच्या हद्दीत झाला यावरच घोळ झाला आणि तो सुटला. पुढं १९१२ मध्ये पैशांच्या भानगडीत पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं, की खाण वगैरे काही नाही. काही दिवस तुरुंगाची हवाही खाल्ली. एखाद्याची कारकीर्द इथंच संपली असती.

पण विंगेट पासच्या त्या काफिल्यात आणखी एक माणूस होता. नाव अल्बर्ट जॉन्सन. शिकागोचा विमाधंद्यातला धनिक, स्कॉटीच्या खाणीत पैसे घातलेल्यांपैकी एक. जन्म त्याचाही १८७२ चाच. बाकी मात्र दोघांत काडीचं साम्य नाही. जॉन्सन कॉर्नेलमधून शिकलेला इंजिनिअर, देवभीरू, दारूला न शिवणारा, सिगारेट न ओढणारा, शांत. १८९९ मध्ये कोलोरॅडोत रेल्वेचा अपघात झाला, त्यात त्याचे वडील गेले आणि त्याचा स्वतःचा पाठीचा कणा मोडला. बरेच महिने अंथरुणात काढले. उठला तेव्हा चाल कायमची बिघडलेली आणि डॉक्टरांनी फार आयुष्याची हमी दिलेली नव्हती.

या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बनावट हल्ला पाहिला. आपण फसलो, हे त्याला कळलं. आणि तरी तो परत आला. पुन्हा स्कॉटीबरोबर घोड्यावर बसून वाळवंटात हिंडला, उघड्यावर झोपला, मडक्यातला घेवडा खाल्ला. खाण दिसली नाहीच, पण त्या कोरड्या हवेत त्याची तब्येत सुधारली. शिकागोत तो अपंग शेठ होता. इथं त्याला कुणी विचारत नव्हतं, की बाबा, तू असा का चालतोस. त्याचा साधा हिशेब होता, की स्कॉटीनं माझ्या पैशाची परतफेड मला हसवून केली. जॉन्सन ७५ वर्षं जगला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात अवघड पात्र हा जॉन्सन वाटतो. फसवणारे तर गल्लोगल्ली असतात. फसवल्याचं कळूनही त्याच माणसाशी चाळीस वर्षं दोस्ती निभावणारा कुठं भेटतो? आणि त्याला भोळा म्हणायचीही सोय नाही. विमा कंपनी चालवणारा माणूस जोखीम मोजूनच पाऊल टाकतो.

जॉन्सननं ग्रेपव्हाइन कॅन्यनमध्ये जमीन घेतली, कारण तिथं जिवंत झरा होता. बायको बेसीलाही ती जागा आवडली, पण तंबूत राहायला ती तयार नव्हती. मग १९२२ मध्ये घराचं काम सुरू झालं. आधी नुसते चौकोनी ठोकळे उभे राहिले. मध्यंतरी फ्रँक लॉइड राइटनं, होय, त्याच जगप्रसिद्ध आर्किटेक्टनं, एक आराखडा करून दिला. तो जॉन्सनना पटला नाही. शेवटी स्पॅनिश वाड्याचं डिझाइन ठरलं आणि इंजिनिअर जॉन्सनचं डोकं जोरात चालायला लागलं.

ते काय होतं बघा. झऱ्याच्या पाण्यावर फिरणारं चाक, त्यावर वीज, ती साठवायला बॅटऱ्या. उन्हावर पाणी तापवायची सोय, शंभर वर्षांपूर्वी. दिवाणखान्यात दगडी भिंतीवरून सतत पाणी झिरपत ठेवलेलं, म्हणजे हवा गार राहावी. थोडक्यात भिंतीएवढा डेझर्ट कूलर. संगीताच्या दालनात १,१२१ नळ्यांचा ऑर्गन. जळणाची सोय म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे १ लाख २० हजार स्लीपर विकत घेतले. त्यांच्या थप्प्या शेजारच्या घळीत कित्येक दशकं पडून राहिल्या, इतके ते जास्त झाले. समोर २७० फुटी स्विमिंग पूल खणायला घेतला, तो कधीच पुरा झाला नाही. आणि हे सगळं अशा खोऱ्याच्या काठावर, जिथं १० जुलै १९१३ ला फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जगातलं आजवरचं सर्वाधिक अधिकृत तापमान तेच.

काँक्रीट ओतणारे आणि खड्डे खणणारे बरेच मजूर तिथलेच टिंबिशा शोशोनी आदिवासी होते. त्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या राहणारे. त्यांना गोऱ्या मजुरांपेक्षा मजुरी कमी. वाड्याच्या रंगतदार किश्श्यांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो, म्हणून इथं मुद्दाम केला.

मग स्कॉटी काय करत होता? तो त्याचं नेहमीचं काम करत होता. पेपरवाल्यांना सांगत होता, की हा किल्ला मी बांधतोय, माझ्या खाणीच्या सोन्यातून. आणि जॉन्सन? तो शेजारी उभा राहून मान डोलवायचा. कुणी विचारलंच तर आपण स्कॉटीचे बँकर आहोत असं सांगायचा. खरंच. ज्याचा पैसा, तो नोकर व्हायला तयार आणि ज्याच्या खिशात दमडी नाही, तो मालक. जॉन्सनना प्रसिद्धी नको होती, स्कॉटीला ती हवाच्या जागी लागायची. वाटणी अशी चोख झाली. सोन्याची खाण किल्ल्याच्या खालीच आहे, अशी पुडीही स्कॉटीनं सोडून दिली. पाहुण्यांना तो आपल्या खोलीच्या भिंतीतलं एक भोक दाखवायचा. आतून बंदूक झाडली, की छर्रे चहूकडं फुटून बाहेरचा चोर टिपतील, अशी म्हणे त्याची रचना. स्वतः मात्र तो त्या खोलीत फारसा झोपायचाच नाही. काही मैलांवर त्याची लाकडी खोपटी होती, बहुतेक मुक्काम तिथं.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला. १९३१ मध्ये बांधकाम थांबलं ते थांबलंच. भिंतींना लावायच्या टाइल्स खोक्यांत तशाच राहिल्या. १९३३ मध्ये जॉन्सनची विमा कंपनी बुडाली. त्याच वर्षी डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली आणि मोजणीत निघालं, की जुन्या सर्व्हेत घोळ होता. किल्ला ज्या जमिनीवर उभा आहे ती जॉन्सनच्या नावावर नाहीच, ती सरकारची! या गोष्टीतल्या एकमेव सरळ माणसाचीच कागदपत्रं चुकीची निघाली. सातबाऱ्याचे घोळ फक्त आपल्याकडंच होतात असं समजू नका. काँग्रेसला त्यासाठी खास कायदा करावा लागला आणि १९३७ मध्ये जॉन्सननं ती जमीन एकरी सव्वा डॉलरनं पुन्हा विकत घेतली.

आता मात्र पैशाची चणचण होती. अशा वेळी उपयोगी पडल्या त्या स्कॉटीच्या थापा. जॉन्सन दांपत्यानं किल्ला पर्यटकांना खुला केला. तिकीट लावलं, खोल्या भाड्यानं दिल्या. लोक वाळवंट तुडवत यायचे ते काय ऑर्गनच्या नळ्या मोजायला? त्यांना स्कॉटी बघायचा असायचा. टोपी घातलेला, पोट सुटलेला म्हातारा अंगणात बसून सोन्याच्या गोष्टी सांगायचा आणि त्यावर घर चालायचं. तीस वर्षं ज्याच्यावर जॉन्सननं पैसा ओतला, त्या माणसानं पहिल्यांदाच कमवून दिलं होतं.

यात एक जण कायम वगळली जाते, ती जॅक. कोयोटी स्पेशलच्या डब्यात नवऱ्याशेजारी बसलेली ती, पुढं त्याच्या आयुष्यातून जवळपास बाहेरच राहिली. वाडा उभा राहत होता तेव्हा ती मुलाला घेऊन दुसरीकडं राहत होती. स्कॉटीला जगभरच्या लोकांना वेळ होता, घरच्यांना नव्हता. सुरुवातीचे सोन्याचे ते दोन खडे तिचे होते, हे लक्षात असू द्या.

आणि जेरार्ड आठवतो का, पहिला फसलेला बँकवाला? तोही म्हाताऱ्या वयात उगवला. एवढा मोठा किल्ला बांधलाय म्हणजे खाण खरी होती, तर माझा वाटा द्या, असं म्हणत त्यानं चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला कोर्टात दावा लावला. तर्क बिनतोड होता! मग जॉन्सनला शपथेवर सांगावं लागलं, की किल्ल्याचा सगळा पैसा माझा, स्कॉटीला पोसतो तोही मीच. कोर्टानं जेरार्डला वाटा दिला, पण तो खाणीच्या दाव्यांमध्ये. म्हणजे शून्याचा हिस्सा. एवढं सगळं भर कोर्टात उघड झालं, पेपरात छापून आलं. तरी पर्यटक येतच राहिले आणि खाण कुठंय म्हणून स्कॉटीला विचारतच राहिले.

१९४३ मध्ये टाउन पासच्या घाटात मोटारीच्या अपघातात बेसी गेली. गाडी जॉन्सन चालवत होते. ते स्वतः १९४८ मध्ये गेले. मूलबाळ नव्हतं. किल्ला त्यांनी आपल्या धर्मादाय संस्थेला, गॉस्पेल फाउंडेशनला दिला आणि मागं सोय करून ठेवली, की स्कॉटीला शेवटपर्यंत कुणी हलवायचं नाही. संस्थेनं ती पाळली. १९५४ च्या जानेवारीत ८१ व्या वर्षी स्कॉटी गेला. किल्ल्यामागच्या टेकडीवर त्याला पुरलंय, शेजारी त्याचा कुत्रा विंडी. टेकडीवरून खाली बघितलं, तर ज्या वाड्यात तो फारसा झोपला नाही, तो पूर्ण दिसतो.

१९७० मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसनं साडेआठ लाख डॉलरला किल्ला विकत घेतला. तिथले गाइड जुन्या काळचे कपडे घालून टूर द्यायचे. मग १८ ऑक्टोबर २०१५ ला त्या घळीत पाच तासांत जवळपास साडेसात सेंटिमीटर पाऊस पडला. खोऱ्याच्या तळाशी आख्ख्या वर्षात सरासरी पाच-सहा सेंटिमीटर पडतो. पुरानं रस्ता खरवडून नेला, पाइपलाइन, विजेच्या तारा उखडल्या, काही खोल्यांत चिखल भरला आणि किल्ला बंद करावा लागला. दुरुस्ती चालू असतानाच २०२१ मध्ये आवारातली एक ऐतिहासिक इमारत आगीत गेली.

तेव्हा कधी तुमचा ग्रुप तिकडं आरव्ही घेऊन निघालाच, तर आधी पार्कच्या अधिकृत साइटवर किल्ला आणि रस्ता सुरू आहे का ते बघून घ्या. जून ते ऑगस्ट विसरा. बऱ्याच भाड्यानं देणाऱ्या कंपन्या त्या दिवसांत डेथ व्हॅलीत आरव्ही न्यायला परवानगीच देत नाहीत. आर्टिस्ट्स ड्राइव्हच्या रंगीत डोंगरांत २५ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे, आणि सरकणाऱ्या दगडांच्या रेसट्रॅकचा कच्चा रस्ता आरव्हीसाठी नाहीच. मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, नकाशा डाउनलोड करून ठेवा. पेट्रोल आणि पाणी बीटीला भरून घ्या. तिथून हायवे ९५ नंच आणखी ५८ किलोमीटर वर गेलात की डावीकडं एक फाटा फुटतो. त्या फाट्याचं नाव नकाशावर आजही स्कॉटीज जंक्शन असंच आहे. किल्ला तिथून ४२ किलोमीटर.